बाटली

आमच्या घराला जैतापुरात "बाटलीचं घर" म्हणतात.
लहानपणी मला वाटायचं, कुणी पणजोबा
माडी पिऊन खाडीत पडला असेल.
ह्या बंदरावर अशी नावं पडतात.
शेजारच्या घराला "वल्हंमोडे", त्यापलीकडच्याला "उपाशी".

मग मी नर्स झाले. तालुक्याच्या एका सभेत
पेंडुरकर डॉक्टर चहात खारी बुडवत म्हणाले,
कालच्या मॅचबद्दल बोलावं तसं:
"बर्फ नव्हता तेव्हा लस कशी न्यायचे, ठाऊक आहे?
पोरांत भरून."

काचेच्या नळीतली वैशाखात मरायची.
दोऱ्यात वाळवली तर पोचायचा नुसता दोरा.
म्हणून एका पोराच्या दंडावर टोचायची,
आठव्या दिवशी मोत्यासारखा फोड भरला
की तो फोडून, थेंब पुढच्या पोराला.
आठ दिवस टिकणारी काच.
भूक लागते, एवढाच दोष.

घरी येऊन बाबांना विचारलं.
ते जाळं विणत होते. सुई थांबली नाही.
"आवडू," म्हणाले. "मालवणची. आठ वर्षांची."

मचव्यात दोन पोरं होती.
भंडाऱ्यांचा मुलगा भरलेला,
आवडू रिकामी.
टोचणारा रघोबा पाठारे, कोट-छत्रीवाला,
रात्री दोघांचे हात फडक्यानं बांधायचा,
खाजवून देवी सांडू नये म्हणून.
वारा पडला. मग देवगडात तांडेल तापानं पडला.
पण त्याआधी भर समुद्रात, शिडाच्या सावलीत,
एक रिकामं झालं
आणि एक भरलं.

रोगाला देवी म्हणायचं. रोगावरच्या औषधालाही देवी.
देवळात बसलेली ती तिसरी.
आवडूच्या दंडात ह्यातली कोणती
हे तिला कुणी सांगितलं नसावं.
ती रोज फोडाकडे तोंड नेऊन विचारायची,
"जेवलंस गो?"

जैतापुरात खोतांच्या पडवीत थेंब काढला.
खोत म्हणाले, पोर कुणाचं?
रघोबा म्हणाला, ब्राह्मणाचं.
आवडूला तोंड मिटून ठेवायला सांगितलं होतं.
एक शब्द बोलली असती
तरी अख्खा किनारा ऐकू आला असता.

तिच्यापासून खोतांचा त्र्यंबक,
त्र्यंबकापासून सोनारांची द्वारकी,
द्वारकीपासून हुसेन दालदी,
हुसेनपासून गावाबाहेरची सात,
ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.
सोयर नाही, सुतक नाही.
विहिरीचं पाणी चालत नव्हतं
त्यांचं दंडातलं चाललं.

मृग लागला. बंदर बंद.
रघोबा नवं भरलेलं पोर घेऊन
डोंगरवाटेनं राजापूरला गेला.
भंडाऱ्यांच्या मुलाचं काय झालं, बाबांना माहीत नाही.
रिकामी बाटली कोण परत पोचवतं?
हुसेनच्या आईनं तिला भात वाढला,
अडीच महिने वाढला.

नारळी पौर्णिमेला बाप आला.
सोबत जातीतले दोघे होते. त्यांनी विचारलं, जेवलीस कुणाकडे?
तिनं खरं सांगितलं. आता बोलायची परवानगी होती.
ते म्हणाले, बाटली.

तोच शब्द.
लिहून बघितला तरी फरक दिसत नाही.

बापानं समुद्राला नारळ दिला,
तिला चोळीचा खण,
आणि मचव्यात एकटाच चढला.

त्र्यंबकाला असं कुणी म्हटलं नाही.
तो पंचाऐंशी वर्षं जगला, अंगावर एक वण नाही,
दंडावरचा सोडून.
पंगतीत पहिला पाट त्याचा.

काल तरीवर माझ्या मांडीवर निळा डबा होता,
चार बर्फाच्या पिशव्या, बावीस डोस.
शेजारी कुणाची तरी मुलगी, नाक वाहणारी.
"ह्यात म्हावरं हाय काय?"
"नाही."
"मग?"
मला पटकन काही सुचेना. म्हटलं, तूच बघ.
तिनं झाकणाला कान लावला,
खाडीचा अर्धा पल्ला सरेपर्यंत तशीच राहिली.
मग बोट ओठांवर ठेवून मला म्हणाली,
"निजलेय ती."